दोघंही सात वर्षांचे, एक १४ किलोचा, एक २२ चा. मलेरियाच्या गोळ्या मात्र सारख्याच?

मांडे_रस्सा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. धडगाव तालुक्यात एका आश्रमशाळेवर शिकवतो. पाऊस ओसरला की आमच्याकडे थंडीतापाची पोरं सुरू होतात. परवा उपकेंद्राचे आरोग्यसेवक किट घेऊन आले, बोटातून रक्त काढून तपासलं. दुसरीतल्या दोघांना फाल्सिपेरम (मलेरियाचा घातक प्रकार) निघाला. दोघंही सात वर्षांचे. दोघांना तेच हिरवं पाकीट, तेवढ्याच गोळ्या, तेवढेच दिवस. आता उतरलाय ताप दोघांचाही, काळजीचं काही नाही.

पण आमच्या नोंदवहीत एकाचं वजन २२ किलो आहे आणि दुसऱ्याचं जेमतेम १४. गुरांचा डॉक्टरसुद्धा वासराला बैलाची सुई भरत नाही. मग लेकरांच्या बाबतीत वयावर कारभार कसा? डोस ठरवतं कोण आणि कशावरून? जाणकारांनी सांगावं. अर्धवट ज्ञानावर आमच्या स्टाफरूममध्ये भांडण होऊन गेलंय.

बालरोग_नंदुरबार

सर, आधी आकडे मांडू, राग धरायचा का ते मग ठरवा.

तुम्ही सांगताय ती पाकिटं राष्ट्रीय औषध धोरणातली, २०१३ ची रचना. वर्षाच्या आतल्या बाळाला गुलाबी, १ ते ४ वर्षांना पिवळं, ५ ते ८ ला हिरवं, ९ ते १४ ला लाल, १५ पासून पुढे पांढरं. हिरव्यात आर्टिसुनेट १०० मिग्रॅ, रोज एक, तीन दिवस. पहिल्या दिवशी जोडीला सल्फाडॉक्सिन ७५० मिग्रॅ आणि पायरिमेथामिन ३७.५ मिग्रॅ असलेली एक गोळी.

आर्टिसुनेटचा ठरलेला डोस किलोमागे रोज ४ मिग्रॅ. तुमच्या २२ किलोच्या पोराला किलोमागे साडेचार पडले, १४ किलोच्याला सात. फरक आहेच. पण जागतिक आरोग्य संघटना आर्टिसुनेटला २ ते १० मिग्रॅ इतकी जागा ठेवते. सल्फाडॉक्सिनचं ठरलेलं प्रमाण २५, आणि ७० पर्यंत चालतं. हलक्या पोराला ५४ च्या आसपास गेलं, दुसऱ्याला ३४. दोघंही मर्यादेत आहेत.

म्हणजे डोस मुळात किलोवरच निघतो, वय फक्त वजनाच्या जागी उभं असतं. मुलांची वजनं बघून वयाचे गट पाडायचे आणि गटातला सगळ्यात हलका नि सगळ्यात जड, दोघंही मर्यादेच्या आत बसतील अशी गोळी काढायची. औषधाची मर्यादा रुंद असली की हे जमून जातं. अरुंद असली की फसतं, आणि आपल्या जिल्ह्यात फसण्याची शक्यता जास्त, कारण आपल्याकडची बरीच लेकरं वयाच्या मानानं हलकी.

दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनचा एकच डोस दिला असेल. तो पोराचा ताप उतरवायला नसतो. रक्तातल्या ज्या अवस्था डासात जाऊन पुढे पसरतात त्यांना मारायला असतो. थोडक्यात, तो तुमच्या वर्गातल्या बाकीच्या पोरांसाठी.

गावठी_शंका

इतलं गनित कोन करी भो? मोठा मानूसनी गोई अर्धी करी दीधी, झायं काम!

(मस्करी करतोय, पण आमच्या साक्री भागात खरंच असंच चालतं. अर्धी मोड, पाव मोड, मधात चाटव.)

सातपुडा_पायवाट

मी आरोग्यसेवक आहे, तोरणमाळ पट्ट्यात बरीच वर्षं काढली. वयावर का, ते माझ्याकडून ऐका.

पाड्यावर जायचं म्हणजे डोंगर उतरून परत चढायचा. पिशवीत किट, काचपट्ट्या, स्पिरिट, गोळ्या, नोंदवही. त्यात वजनकाटा कोण नेणार? अंगणवाडीत असतो, पण अंगणवाडी एका पाड्याला आणि ताप दुसऱ्या पाड्याला. आशाताईला रात्री कोणी उठवलं तर तिनं काटा शोधत बसायचं की गोळी द्यायची? फाल्सिपेरममध्ये एक दिवस उशीर म्हणजे लेकरू फिट येऊन बेशुद्ध पडायची भीती. म्हणून रंग. अक्षर वाचता आलं नाही तरी रंग चुकत नाही.

आता गंमत अशी की वय तरी कुठे पक्कं असतं? आईला विचारलं तर "होळीच्या आधी झाला", "मोठ्या पुराच्या साली". मग आम्ही दात बघतो, थोरल्या भावाचं वय विचारतो, अंदाजानं चार म्हणतो. चार म्हटलं की पिवळं, पाच म्हटलं की हिरवं. एका वर्षाच्या अंदाजानं आर्टिसुनेट ५० चं १०० होतं. हे पुस्तकात नाही लिहिलेलं.

फार्मा_जळगाव

वा, सातपुडा भाऊ. मी औषधशास्त्र शिकवते, गावठी_शंकांच्या "अर्धी गोळी"चं उत्तर मी देते.

अर्धी-पाव मोडण्यालाही एकेकाळी सूत्र होतं. एकोणिसाव्या शतकातला यंग यांचा नियम: मुलाचं वय भागिले वय अधिक बारा. चार वर्षांच्या मुलाला १६ पैकी ४, म्हणजे मोठ्यांच्या डोसचा चौथा हिस्सा. आपल्या क्लोरोक्विनच्या तक्त्याशी ताडून बघा. मोठ्याला पहिल्या दिवशी ४ गोळ्या, १ ते ४ वर्षांच्याला १. जुळलं. पण बारा वर्षांच्याला यंगच्या हिशोबानं निम्म्या म्हणजे २ येतात, आणि तक्ता ३ देतो. इथे यंग कमी पडतात.

कारण लहान शरीर औषध वेगानं बाहेर टाकतं. यकृत आणि मूत्रपिंडांचं काम वजनाच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही. ढोबळ गणित असं: वजनांचं गुणोत्तर काढा आणि त्याचा पाऊण घात घ्या. १५ किलोचं मूल ६० किलोच्या माणसाच्या पाव वजनाचं, पण औषध निचरा करायची त्याची ताकद पाव नाही, साधारण ३५ टक्के. तुम्ही किलोवर मोजून पाव डोस दिलात तर रक्तातलं एकूण औषध मोठ्या माणसाच्या सत्तर टक्क्यांच्या आसपासच राहणार. मिग्रॅ प्रति किलो हे सूत्र आपल्याला फार शास्त्रशुद्ध वाटतं, पण मोठ्यांवरून काढलेला आकडा तसाच पोरांना लावला तर तेही फसतं.

आणि हे नुसतं कागदावर नाही. सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनची रक्तातली पातळी लहान मुलांत त्याच किलो-डोसला बरीच कमी आढळली होती. डायहायड्रोआर्टिमिसिनिन-पिपराक्विन या जोडीचं २०१३ साली मोठं एकत्रित विश्लेषण झालं, त्यात १ ते ५ वर्षांच्या मुलांना किलोमागे कमी औषध पडत होतं आणि त्यांच्यातच उपचार जास्त फसत होते. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं २५ किलोखालच्या मुलांचा डोस वाढवला. गंभीर मलेरियातलं आर्टिसुनेटचं इंजेक्शनही तसंच. मोठ्यांना किलोमागे २.४ मिग्रॅ, २० किलोखालच्या मुलांना ३. दहा किलोच्या लेकराला २४ ऐवजी ३०.

म्हणून "लहान आहे, जरा कमीच द्या" ही आपली माया मलेरियात उलटी पडू शकते. कमी डोसमध्ये ताप उतरतो, जंतू सगळे मरत नाहीत, आणि जे उरतात ते औषधाला सरावलेले निघण्याची भीती.

मांडे_रस्सा

मॅडम, हे तर आमच्या भांडणाच्या दोन्ही बाजूंना धक्का देणारं झालं. मी म्हणत होतो हलक्या पोराला जास्त गेलं. तुमच्या म्हणण्यानुसार लहान पोरांना जास्तच लागतं. मग १४ किलोच्याला सात मिग्रॅ पडले ते बरंच झालं म्हणायचं?

फार्मा_जळगाव

आर्टिसुनेटच्या बाबतीत हो, मी निश्चिंत आहे. पण हे सरसकट लावू नका. दोन गोष्टी आहेत.

एक, अगदी तान्ही बाळं उलट्या टोकाला. त्यांच्या यकृतातली विकरं (एन्झाइम्स) अजून तयार झालेली नसतात, औषध साचतं. सल्फाचं औषध नवजात बाळाला दिलं तर कावीळ मेंदूपर्यंत जायचा धोका, म्हणून आपल्या धोरणात पाच महिन्यांखाली सल्फाडॉक्सिन नाहीच. आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिनची ५ किलोखालच्या बाळांसाठीची वेगळी गोळी स्वित्झर्लंडमध्ये जुलै २०२५ मध्ये मंजूर झाली. तोवर इतक्या छोट्या बाळांसाठी म्हणून काढलेली गोळी नव्हतीच, मोठ्या बाळांचीच जुळवून द्यायचे. नव्या गोळीत दोन औषधांचं आपसातलं प्रमाणही बदललंय, कारण इतक्या लहान अंगात आर्टिमेथर जास्त चढतं.

दोन, काही औषधांत एकूण किती औषध राहिलं याइतकंच एका वेळी किती चढलं यालाही महत्त्व. त्यातलं पहिलं नाव क्लोरोक्विन. ते डॉक्टरांनीच सांगावं.

बालरोग_नंदुरबार

सांगतो, आणि जरा कडक शब्दांत.

व्हायवॅक्सला (मलेरियाचा दुसरा प्रकार) क्लोरोक्विन तीन दिवसांत किलोमागे २५ मिग्रॅ: १०, १०, ५. गोळी २५० ची लिहिलेली असते (तो आकडा क्लोरोक्विन फॉस्फेटचा), पण त्यात कामाचं क्लोरोक्विन बेस १५० मिग्रॅ. हिशोब बेसचा. सिरपच्या बाटलीवरही बेस किती ते बघा, फॉस्फेटचा आकडा धरून मोजलं तर डोस कमी जातो.

आता तक्ता: १ ते ४ वर्षांना एक गोळी, एक गोळी, अर्धी. १५ किलोच्या मुलाला हे अचूक बसतं: १५०, १५०, ७५. पण आमच्या वॉर्डात तीन वर्षांची, ८ किलोची मुलगी येते. तिला पहिल्याच दिवशी किलोमागे जवळजवळ १९ पडतात, आणि तीन दिवसांत २५ ऐवजी ४७. क्लोरोक्विनमध्ये औषध आणि विष यांच्यातलं अंतर फार थोडं. रक्तदाब कोसळतो, हृदयाची लय बिघडते. मी अशा मुलीला तक्ता लावत नाही. ८०, ८०, ४०. पाच मिलीत ५० मिग्रॅ बेसचं सिरप असेल तर ८ मिली, ८ मिली, ४ मिली, आणि तेही सिरिंजनं मोजून. घरातला चमचा कोणता तीन मिलीचा, कोणता सातचा, देव जाणे.

आणि साक्रीवाले, मधात चाटवायचं ते तुम्ही मस्करीत लिहिलंत, पण उरलेल्या क्लोरोक्विनच्या गोळ्या घरात कोनाड्यात ठेवू नका. रांगत्या लेकरानं एक-दोन गिळल्या तरी जीव जाऊ शकतो.

गावठी_शंका

डॉक्टर, कान पकडले. आजच आईच्या डब्यातल्या काढतो.

सिकल_आणि_आम्ही

व्हायवॅक्समधल्या प्रायमाक्विनचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी अक्कलकुव्याकडे सिकलसेलच्या (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) तपासणीत काम करते.

व्हायवॅक्सचे जंतू यकृतात दडून बसतात आणि महिन्यांनी परत ताप आणतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन किलोमागे ०.२५ मिग्रॅ, रोज, १४ दिवस. वर्षाच्या आतल्या बाळाला आपल्याकडे देत नाहीत. १ ते ४ ला अडीच मिग्रॅ, ५ ते ८ ला पाच, ९ ते १४ ला दहा.

इथे डोसच्या आधीचा प्रश्न जी-सिक्स-पीडीचा. हे विकर रक्तात कमी असेल तर प्रायमाक्विननं तांबड्या पेशी फुटतात, लघवी काळपट लाल होते, लेकरू एकदम पांढरं पडतं. आदिवासी भागात ही कमतरता काही ठिकाणी बरीच आहे. आणि लोक काय करतात, सिकलचं कार्ड दाखवतात आणि म्हणतात याची तपासणी झालीय. सिकलसेलची तपासणी वेगळी, जी-सिक्स-पीडीची वेगळी. एक निगेटिव्ह आली म्हणून दुसरी कळत नाही. एखाद्या पोरात दोन्हीही असू शकतात.

बालरोग_नंदुरबार

ताई, +१. आणि वयाच्या तक्त्याचा दोष प्रायमाक्विनमध्ये उलटा दिसतो. अडीच मिग्रॅची गोळी ८ किलोच्या पोराला किलोमागे ०.३, पण १६ किलोच्या गुटगुटीत चार वर्षांच्याला ०.१६ च. म्हणजे इथे हट्टाकट्टा मुलगा तोट्यात. त्याला महिन्या-दोन महिन्यांनी परत ताप आला की घरचे म्हणतात डॉक्टरच्या गोळ्या नकली.

सातपुडा_पायवाट

अहो डॉक्टर, किलोमागे किती ते नंतर, चौदा दिवस पोचतात का ते विचारा. दिवाळी झाली की ट्रक लागतात, कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला आणि गुजरातेत. पोर चौथ्या दिवशी बरं झालेलं, आई म्हणते आता कशाला. उरलेल्या गोळ्या फडावर कुठे तरी. तिकडे परत तापलं की तिकडचा डॉक्टर नवी सुरुवात करतो. माझ्या वहीत ते पोर "उपचार पूर्ण".

फार्मा_जळगाव

म्हणूनच आखूड कोर्सची धडपड आहे. जागतिक आरोग्य संघटना आता किलोमागे रोज ०.५ मिग्रॅप्रमाणे सात दिवसांचा पर्यायही देते. टॅफेनोक्विन नावाचं एकाच डोसचं औषध आलंय. त्याची मुलांसाठीची ५० मिग्रॅची विरघळणारी गोळी ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये मंजूर झाली, दोन वर्षांपासून पुढे, डोस वजनाच्या गटानुसार. पण त्याला जी-सिक्स-पीडी नुसतं "आहे-नाही" कळून चालत नाही, प्रमाण मोजावं लागतं आणि ते ७० टक्क्यांच्या वर हवं. प्रायमाक्विन बिघाड दिसला तर बंद करता येतं. हे एकदा पोटात गेलं की आठवडे राहतं. ताईंच्या मुद्द्यावरच येऊन थांबलो बघा.

केळीवाला_रावेर

डॉक्टर-प्राध्यापकांच्या गर्दीत एका बापाचा प्रश्न. माझ्या पोरीला क्लोरोक्विन दिलं की ओकते. कडू जहर असतं ते. आम्ही कुस्करलेल्या केळ्यात घालून देतो (घरचीच बाग, बाकी काही असो नसो केळं असतंच). चालतं का? आणि ओकली तर परत द्यायचं की नाही?

बालरोग_नंदुरबार

केळं चालतं. उलट रिकाम्या पोटी क्लोरोक्विन देऊच नका. फक्त गोळी कुस्करली तर सगळं केळं पोटात गेलं पाहिजे, नाहीतर अर्धा डोस वाटीत राहतो आणि तुम्हाला वाटतं दिला.

औषध दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत ओकली तर तो डोस परत द्यायचा. पुन्हा ओकली तर घरी प्रयोग नकोत, घेऊन या. सारखं ओकणं हेच मुळात गंभीर आजाराचं लक्षण असू शकतं.

अवांतर: आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिनच्या गोळ्या मिळाल्या तर त्या दुधाबरोबर, तूप-तेलाच्या जेवणाबरोबर द्यायच्या. ल्युमेफँट्रिन स्निग्ध पदार्थांशिवाय अंगाला लागत नाही. त्यांचा डोस तर सरळ वजनाच्या गटांवर आहे: ५ ते १५ किलोखाली १ गोळी, १५ ते २५ खाली २, २५ ते ३५ खाली ३, पुढे ४, दिवसातून दोनदा, तीन दिवस.

सातपुडा_पायवाट

दूध-तूप! डॉक्टर, आमच्या पाड्यावर मक्याची भाकर आणि मिरचीचा ठेचा. तेल हाताला लागेल इतकंच.

फार्मा_जळगाव

भाऊ, टोमणा बरोबर जागी लागला. कुपोषित आणि लहान मुलांत ल्युमेफँट्रिनची सातव्या दिवसाची पातळी कमी आढळलेली आहेच. डोस ठरवणाऱ्या चाचण्यांत बहुतेक वेळा तीव्र कुपोषित मुलं घेतच नाहीत, कारण त्यांना दुसरे आजार असतात, निष्कर्ष गढूळ होतात. म्हणजे ज्या मुलांना औषध सगळ्यात जास्त लागणार त्यांच्यावर ते नीट मोजलेलंच नसतं. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली हीच सगळ्यात मोठी उणीव.

मांडे_रस्सा

सगळ्यांचे आभार. आता माझ्या हातात आहे तेवढं करतो. शाळेत काटा आहे. तापाचं पोर उपकेंद्रात पाठवताना चिठ्ठीवर वयाशेजारी त्या दिवशीचं वजन लिहून देणार. काटा मात्र जुना आहे, सुई कधी कधी रिकाम्यावरही एकावर असते.

सातपुडा_पायवाट

सर, चिठ्ठी जरूर द्या, आमचं काम निम्मं होतं. काट्याला मागे स्क्रू असतो, फिरवून शून्यावर आणा. मग ५ किलोची तांदळाची पिशवी ठेवून बघा, पाच दाखवतो का.

बालरोग_नंदुरबार

आणि सर, धाकट्या भावंडांना घेऊन पालक येतील तेव्हा एक बघत जा. अंगावर सूज असलेल्या कुपोषित लेकराचं वजन फसवं असतं, त्यात पाणी मोजलं जातं. दोन्ही पावलांवर अंगठा तीन-चार सेकंद दाबा. खड्डा राहिला तर काटा, तक्ता, पाकीट सगळं बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन लावा. त्या लेकराला भरती लागते, त्याचा डोस वॉर्डात ठरेल.